‘अटॅक आला’ म्हणून मोकळे होऊ नका

माझी आपा गेली तेव्हा मय्यतीच्या घरी आलेली प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारत होती, “क्या हुआ था?” आणि आम्ही सगळे एकच उत्तर देत होतो, “कॅन्सर तो था ही, ऊपर से अटॅक आ गया.” बाई मान हलवायची, “अल्लाह की मर्ज़ी” म्हणायची आणि तसबीह हातात घेऊन कोपऱ्यात बसायची. बीएड झालेली, वीस वर्षं उर्दू शाळेत मुलांना मराठी शिकवणारी मीही तेच सांगत होते.

चाळिसावा झाल्यावर दुल्हाभाईंनी आपाची फाइल माझ्याकडे दिली. कुठल्याशा अर्जासाठी तिच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती, म्हणून बाकावर बसून मी ती पहिल्यांदा नीट वाचली. पहिली केमो झाली त्या दिवशी मिळालेल्या चार पानी इंग्रजी सूचनापत्रात, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात एक ओळ होती. एका पायाला किंवा हाताला सूज आली, किंवा अचानक दम लागला, तर न थांबता रुग्णालयात या.

आपाचा डावा पाय सहा दिवस सुजलेला होता. सातव्या दिवशी पहाटे तिला दम लागला.

ती फाइल अडीच महिने बहुतेक वेळ माझ्याच पर्समध्ये होती. गल्लीतल्या कुणाचाही सरकारी कागद आला की माझ्याकडे येतो. बँकेचं पत्र, रेशनचा फॉर्म, कोर्टाची नोटीस, सगळं मी वाचून सांगते. सख्ख्या बहिणीचा कागद मात्र मी वाचला नाही, कारण तो ‘डॉक्टरांचा कागद’ होता आणि डॉक्टरांचा कागद डॉक्टरांनी वाचायचा असतो असं मी धरून चालले होते. त्यामुळे आज मी ज्यांच्यावर बोट ठेवणार आहे, त्यांत पहिलं नाव माझं आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. भांडण एका इमारतीशी असतं तर एका अर्जात मिटलं असतं.

काय झालं होतं

आपाला अंडाशयाचा कर्करोग होता. घर घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीवर. मेट्रोतून जी रंगवलेली घरं दिसतात आणि पाहुणे ज्यांचे फोटो काढतात, त्याच टेकडीवर. फोटोत पायऱ्या दिसत नाहीत आणि खालचं सार्वजनिक शौचालयही दिसत नाही. तिसऱ्या केमोनंतर आपाने ती पायऱ्यांची चढउतार टाळण्यासाठी पाणी पिणं कमी केलं. दिवसभर पलंगावर पडून राहायची. आम्हीच सांगायचो, “आपा, आराम करो, कुछ मत करो.”

मग एक दिवस म्हणाली, “बायाँ पाँव भारी लग रहा है.” पोटरी टणक झाली होती, हाताला गरम लागत होती. फुफीने मोहरीचं तेल गरम करून पाय चोळून दिला. दुसऱ्या दिवशी मी चोळला. आम्हाला वाटलं केमोमुळे होतंय. केमोमुळे उलट्या होतात, केस जातात, तोंड येतं, मग पायही सुजत असेल. सातव्या पहाटे ती शौचालयाकडे निघाली आणि आठ-दहा पायऱ्यांवर बसली. श्वास पुरत नव्हता. रिक्षात तिचे ओठ निळसर झाले.

रुग्णालयातला तरुण डॉक्टर घाईत म्हणाला, “फुप्फुसात गाठ अडकली आहे.” आम्ही समजलो, कॅन्सर फुप्फुसात पसरला. मराठीची शिक्षिका असून मला त्या क्षणी कळलं नाही की तो रक्ताच्या गुठळीबद्दल बोलतोय. आपल्याकडे ट्यूमरलाही ‘गाठ’ आणि गोठलेल्या रक्तालाही ‘गाठ’. एका शब्दाने दोन वेगळे आजार झाकून टाकले. कॅन्सर पसरला म्हटल्यावर माणूस हात टेकतो. गुठळी म्हटलं असतं तर निदान विचारलं असतं, ती कुठून आली?

मृत्यूच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, हृदय आणि श्वसनक्रिया बंद पडणं. मरणाऱ्या प्रत्येकाचं हृदय आणि श्वास बंदच पडतो. ते मरणाचं वर्णन झालं, कारण नव्हे. त्या कागदावरून आम्ही ‘अटॅक’ हा शब्द उचलला आणि घरोघरी वाटला.

गुठळी होते कशी

बोट कापलं की थोड्या वेळाने रक्त थांबतं. ही नेमत आहे. रक्त गोठलं नसतं तर सुरी लागली तरी माणूस वाहून गेला असता. हीच क्रिया शिरेच्या आत, कुठेही जखम नसताना सुरू झाली तर मात्र ती जिवावर उठते. पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते. तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वर जातो, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे ढकलला जातो आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकतो. फुप्फुसाकडे जाणारा रस्ता बंद, हृदयाची उजवी बाजू दाबाखाली. बघणाऱ्याला हार्ट अटॅकसारखं दिसतं. पण हार्ट अटॅकमध्ये अडथळा हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत असतो. इथे तो पायातून प्रवास करून आलेला असतो, आणि बऱ्याचदा आधी कित्येक दिवस पायात बसून आपल्याला खुणा करत असतो.

रक्त कधी गोठतं याचं सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ विर्शो या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखलं जातं. तीन गोष्टी: प्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा स्वभावच गोठण्याकडे झुकणं. साकीनाक्याला मिठी नदीच्या काठी राहणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाणी थबकलं, काठ ढासळला, वरून गाळ पडला की नदी तुंबते. कर्करोगात या तिन्ही गोष्टी एकाच शरीरात एकाच वेळी घडतात.

सर्वांत आधी रक्ताचा स्वभाव. कर्करोगाच्या पेशी स्वतःच रक्त गोठवणारी द्रव्यं सोडतात. त्यांतलं मुख्य म्हणजे टिश्यू फॅक्टर. एरवी हे प्रथिन रक्तवाहिनीच्या बाहेर, ऊतींमध्ये राखीव असतं आणि जखम झाली की कामाला लागतं. कर्करोगाच्या पेशी ते थेट रक्तात मिसळू देतात, म्हणजे जखम नसताना जखमेची हाळी दिली जाते. शरीरात सूजदाह वाढतो, प्लेटलेट चिकट आणि पुष्कळदा संख्येनेही जास्त होतात, पांढऱ्या पेशी आपल्यातले धागे बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात रक्त अडकतं.

दुसरा प्रवाह. ओटीपोटातली गाठ शिरेवर दाब देते. रुग्ण पडून राहतो. पोटरीचे स्नायू चालताना पायातलं रक्त पिळून वर पाठवतात. पाऊल थांबलं की तो पंप थांबतो. पाणी कमी पडलं तर त्यात आणखी भर.

तिसरं अस्तर. शस्त्रक्रिया, केमोची काही औषधं, औषध देण्यासाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी, हे सगळं शिरेच्या आतल्या बाजूला दुखावतं. सिसप्लॅटिनसारखी केमो, स्तनाच्या कर्करोगातली टॅमॉक्सिफेनची गोळी, मायलोमातलं थॅलिडोमाइड, यांनी धोका वाढतो हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. ही औषधं सोडा असं मी अजिबात म्हणत नाही, ती जीव वाचवतात. त्यांच्याबरोबर काय येतं तेवढं सांगा, इतकंच म्हणते.

म्हणूनच कर्करोग असलेल्या माणसाला शिरेत गुठळी होण्याचा धोका इतरांच्या चौपट ते सातपट मानला जातो. निदान झाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे. घरून येऊन-जाऊन केमो घेणाऱ्या रुग्णांमध्ये, खुद्द कर्करोगानंतर मृत्यूच्या सर्वांत मोठ्या कारणांत गुठळ्यांची गणना होते. पुन्हा वाचा: येऊन-जाऊन. म्हणजे जे रुग्णालयात नसतात ते. जे असल्फ्याला, जोगेश्वरीला, मालवणीला, गोवंडीला आपल्या घरी असतात, जिथे पाय बघणारी नर्स नसते आणि फुफीची तेलाची वाटी असते.

माहिती नवीन नाही

कुणी म्हणेल, बाई, हे नवं विज्ञान आहे, हळूहळू पोहोचेल. पॅरिसमध्ये आर्मां त्रूसो नावाचे नामांकित डॉक्टर होते. १८६० च्या दशकात ते विद्यार्थ्यांना शिकवत होते की कारण न सापडणारी शिरेतली गुठळी दिसली तर पोटात लपलेल्या कर्करोगाची शंका घ्या. पुढे त्यांच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी झाली. ते ओळखून चुकले आणि शिष्याला म्हणाले की आता माझ्या आजाराबद्दल शंका उरलेली नाही. १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने ते गेले. दीडशे वर्षं उलटली. पॅरिसहून निघालेली ही गोष्ट असल्फ्याच्या पायऱ्या अजून चढलेली नाही.

आणि कुणाला जास्त धोका आहे हे ओळखायला महागडं यंत्रही लागत नाही. २००८ साली अलोक खोराना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमो सुरू करताना मांडायचा एक साधा हिशोब प्रसिद्ध केला. जठराचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग असेल तर दोन गुण. फुप्फुस, लिम्फोमा, स्त्रियांचे जननेंद्रियांचे कर्करोग, मूत्राशय, वृषण यांना एक गुण. प्लेटलेट साडेतीन लाख किंवा अधिक, हिमोग्लोबिन दहाच्या खाली, पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या वर, उंचीच्या मानाने वजन फार जास्त, या प्रत्येकाला एक गुण. दोन किंवा अधिक गुण झाले आणि रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल, तर प्रतिबंधक औषधाचा विचार करावा असं आज मोठ्या वैद्यकीय संघटना सांगतात.

मी आपाच्या फाइलमधला पहिल्या केमोच्या आधीचा रक्ताचा रिपोर्ट काढला. अंडाशय, एक. प्लेटलेट चार लाख दहा हजार, एक. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक दोन, एक. तीन गुण. ही बेरीज माझ्या वर्गातला दुसरीतला मुलगा करील. तिन्ही आकडे फाइलमध्ये होते. बेरीज कुणी केली असेल तर आम्हाला सांगितली नाही.

हा हिशोब म्हणजे भविष्य नाही. कमी गुण असलेल्यांनाही गुठळ्या होतात आणि जास्त गुण असलेल्या पुष्कळांना होत नाहीत. औषध दिलं असतं तर आपा जगलीच असती, असाही माझा दावा नाही. पण पाय सुजला त्या दिवशी आम्ही तेलाची वाटी न घेता रिक्षा धरली असती. पायाची डॉप्लर सोनोग्राफी झाली असती. सुई टोचावी लागत नाही, दुखत नाही, अशी तपासणी. तिने गुठळी दिसली असती आणि त्याच दिवशी औषध सुरू झालं असतं. सहा दिवस होते आमच्याकडे.

डॉक्टरसाहेब, वेळ नाही हे मान्य

रुग्णालयातल्या रांगा मी पाहिल्या आहेत. एका डॉक्टरसमोर साठ-सत्तर माणसं. टाटा मेमोरियल १९४१ साली परळला सुरू झालं, तेव्हापासून अर्धा देश उपचारासाठी मुंबईकडे धाव घेतो. लोक दोन-दोन दिवस रेल्वेत बसून येतात, आणि इतका वेळ बसून राहणं हेदेखील गुठळीला आमंत्रणच. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर जेवायला उठत नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी त्यांना शिव्या द्यायला बसलेली नाही.

पण चार पानं छापायला वेळ मिळाला होता, पैसेही मिळाले होते. ती इंग्रजीत छापायची, हा निर्णय कुणीतरी घेतला. महाराष्ट्राची राजभाषा मराठी. रुग्ण असल्फ्याचा, रत्नागिरीचा, बीडचा, आझमगढचा. मग ते इंग्रजी कुणासाठी? मला वाटतं ते रुग्णासाठी नव्हतंच. उद्या काही झालं तर ‘आम्ही लिहून दिलं होतं’ म्हणता यावं म्हणून ते होतं. सांगणं आणि सांगितल्याची नोंद ठेवणं यांत फरक आहे. वर्गात मी फळ्यावर फारसी लिहून निघून गेले आणि परीक्षेत सगळी मुलं नापास झाली, तर मुख्याध्यापक मला विचारतील, “बाई, शिकवलंत का?” “लिहिलं होतं” हे उत्तर चालणार नाही.

मराठीत छापा, उर्दूत छापा, हिंदीत छापा. आणि पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. केस गळण्याबद्दल अर्धं पान आहे, ते शेवटी न्या. केसांनी कुणी मरत नाही. आणि ‘गाठ’ म्हणू नका, ‘रक्ताची गुठळी’ म्हणा. उर्दू-हिंदी बोलणाऱ्याला ‘खून का थक्का’ म्हणा. हे शब्द आहेत आपल्याकडे, घरचे आहेत, फुकट आहेत.

आता आपल्याकडे वळते

सगळं खापर इंग्रजीवर फोडून आपण सुटत नाही. आपल्या घरांतल्या चार सवयी सरळ गुठळीच्या बाजूने उभ्या आहेत.

पहिली, ‘आराम करो’. आजारी माणसाला पलंगावरून उठू न देणं ही आपल्याला सेवा वाटते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर त्याला उठवा, खोलीत चालवा, पडल्या-पडल्या पावलं वर-खाली हलवायला लावा. बायकांच्या बाबतीत तर आपण आणखी पुढे जातो. लोक काय म्हणतील म्हणून केस गेलेल्या बाईला दाराबाहेर पडू देत नाही.

दुसरी, पाय लपवणं. आपाने सूज आली तरी पुरुष डॉक्टरसमोर सलवार वर करायला नको म्हणून रुग्णालयात जायचं टाळलं, हे मला नंतर तिच्या मुलीकडून कळलं. उपचारासाठी गरजेपुरतं शरीर दाखवायला दीनमध्ये अडकाठी नाही, हे कुठलेही मौलाना सांगतील. पण आपल्या बायकांना ते आधी सांगितलेलं असलं पाहिजे. ऐन वेळी फतवा विचारायला सवड नसते.

तिसरी, चोळणं. एकच पाय सुजलेला, दुखणारा, गरम असेल तर चोळू नका. गुठळी सुटून वर जाण्याची भीती असते. माझे हात मला आठवतात. तेल चांगलं लागलं म्हणून आपाने मला दुआ दिली होती. आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डॉक्टरांना न विचारता हिजामाही करून घेऊ नका, रक्त थांबणार नाही. लसूण, कलौंजी, ‘खून पतला करने वाला’ काढा, शेजारच्या हृदयरोग्याची ॲस्पिरिन, यांपैकी काहीही कर्करोगातल्या गुठळीचं औषध नाही.

चौथी, रमजान. केमो चालू असताना रोजे धरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं कौतुक करणारे नातेवाईकही पाहिले आहेत. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. पुढेही झेपणार नसेल तर फिदिया आहे. जी सवलत अल्लाहने दिली ती नातेवाईकांच्या वाहवासाठी परत करायची, याला तकवा म्हणत नाहीत. आणि ज्या बाया शौचालय दूर आहे म्हणून पाणी पीत नाहीत त्यांचा तर बारा महिने रोजा असतो. त्याचा सवाब कुणाला मिळतो ते नगरसेवकांनी सांगावं.

डुकराचं इंजेक्शन

आपाच्या पाठोपाठ आमच्याच वस्तीतल्या एका बाईला वेळेवर गुठळी सापडली. इंजेक्शन सुरू झालं. चौथ्या दिवशी तिच्या मुलाने ते बंद केलं. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं की यात डुक्कर आहे.

खोटं नाही ते. हेपरिन आणि त्यापासून बनणारी एनॉक्सापॅरिनसारखी इंजेक्शनं प्रामुख्याने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. डॉक्टरांनी हे आधी सांगायला हवं, कारण हे लपवलं की नंतर मोबाइल सांगतो आणि मोबाइल पूर्ण गोष्ट सांगत नाही. घाटकोपरचे माझे जैन शेजारीही हा प्रश्न विचारू शकतात, तो फक्त आपला नाही.

पूर्ण गोष्ट अशी. जीव वाचवण्याची निकड असेल तर निषिद्धालाही मोकळीक मिळते, हा फिक्हचा मदरशातल्या मुलालाही पाठ असलेला नियम आहे. मुसलमान विद्वानांनी नेमक्या याच औषधावर विचारही केला आहे. राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या मक्केतल्या फिक्ह परिषदेने डिसेंबर २००३ मध्ये या नव्या प्रकारच्या हेपरिनचा प्रश्न घेतला आणि त्याची जागा पुरेशी भरून काढणारा हलाल पर्याय नसेल तर गरजेपुरतं ते वापरायला परवानगी दिली. त्याच सुमारास, २००३ मध्येच, कर्करोगाच्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. हेपरिनच्याच जातीचं डाल्टेपॅरिन घेणाऱ्यांत पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण जुन्या गोळ्या घेणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मं निघालं.

त्यानंतर रस्ता आणखी सोपा झाला आहे. रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन या प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या गोळ्या आहेत, त्यांच्या औषधी द्रव्याचा डुकराशी संबंध नाही. भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्याही मिळतात. फॉन्डापॅरिनक्स हे इंजेक्शनही कृत्रिमरीत्या बनतं. सर्वांना सगळं चालत नाही. जठर-आतड्याचा कर्करोग, मूत्रपिंडाचा आजार, केमोमुळे कमी झालेल्या प्लेटलेट, हे बघून डॉक्टरच ठरवणार. पण विचारता येतं: “डॉक्टर, मला चालेल असा दुसरा पर्याय आहे का?” तो असेल तर घ्या, नसेल तर बिनदिक्कत इंजेक्शन घ्या. स्वतःहून औषध बंद करणं मात्र ना हलाल आहे ना शहाणपण. त्या बाईच्या मुलाला मी हेच सांगितलं. त्याने जामा मशिदीच्या मौलानांना विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं, आणि इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. चार दिवस मात्र वाया गेले.

‘लोकांना घाबरवता कशाला?’

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी मला हे विचारलं. आधीच कॅन्सर, त्यात गुठळीची भीती. कळेल तेव्हा कळेल, तकदीरमध्ये असेल ते होईल.

आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही हदीस आपण भाषणात वापरतो आणि पाय सुजला की विसरतो. भीती कशाची वाटते? जी गोष्ट ओळखता येत नाही तिची. एक पाय सुजला तर कुठे जायचं हे ज्याला माहीत आहे तो रात्री शांत झोपतो. मला आज झोप लागत नाही ती ते सहा दिवस मोजते म्हणून.

आणि तकदीरबद्दल बोलायचं तर मरण लिहिलेलं असतं हे माझंही ईमान आहे. पण सूचनापत्राची भाषा अल्लाहने ठरवलेली नाही. शौचालय टेकडीच्या खाली त्याने बांधलेलं नाही. जी कामं माणसांची आहेत ती त्याच्या नावावर खपवू नका.

म्हणून एक विनंती. पुढच्या ओळी मी माझ्या मुलांकडून मराठीत आणि उर्दूत लिहून घेतल्या आहेत. मुलांनी सुंदर अक्षरात लिहिल्या. एक कागद मशिदीच्या फलकावर लागला, एक रेशन दुकानात, एक केमिस्टकडे. घरात, गल्लीत कुणाला कर्करोग असेल तर तुम्हीही उतरवून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा.

एकाच पायाला किंवा एकाच हाताला सूज, दुखणं, गरमपणा, रंग बदलणं: चोळू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, भोवळ: सकाळची वाट बघू नका, रात्री असली तरी जा.

तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य: “कॅन्सरचा इलाज चालू आहे, रक्ताची गुठळी तर नाही ना, तपासा.”

केमो किंवा ऑपरेशनच्या आधी एक प्रश्न: “मला गुठळीचा धोका किती आहे, आणि त्यासाठी काही औषध हवं का?”

हे चार कागद लिहिताना एका मुलीने मला विचारलं, “टीचर, ये तो इतना आसान है, फिर किसी को मालूम क्यों नहीं?” तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी शाळेत येऊन द्यावं. वर्ग पाचवी, सकाळचं सत्र.